बडोद्याहून चार दिवस सिंगापूर: आई-वडील आणि मुलांना घेऊन जायचं असेल तर सविस्तर तयारी

सिंगापूरचं तापमान ३१-३२ दिसलं की आपल्या बडोद्यातली मंडळी एकदम निर्धास्त होतात. मे महिन्यात ४२ झेलणाऱ्याला ३२ म्हणजे काय, असं वाटतंच. पण तिथला ३२ फार वेगळा आहे. शहर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरच्या आत, चहूबाजूंनी समुद्र, हवेत इतका दमटपणा की घाम येतो पण वाळतच नाही, त्यामुळे अंग गार होत नाही आणि सकाळपासून चालत असलेला माणूस दुपारी एकपर्यंत पार गळून जातो. बरोबर पासष्टीचे वडील आणि सहा वर्षांचं मूल असेल तर विचारूच नका.

म्हणून आधीच सांगते, दिवसाचे दोन तुकडे करायचे. सकाळी बाहेर, दुपारी एसीत नाहीतर सरळ रूमवर झोप, आणि साडेचार-पाचनंतर परत बाहेर. हॉटेल कुठे घ्यायचं, कुठल्या दिवशी काय बघायचं, कधी खायचं, सगळं यावरूनच ठरवायचं. एजंटच्या प्रोग्राममधे सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत बसमधे चढ-उतार असते, तरुण जोडप्याला चालेल, घरच्या सगळ्यांना घेऊन जाताना मला ते अजिबात पटत नाही.

कधी जायचं

तिथे आपल्यासारखे ऋतू नाहीत, बारा महिने साधारण २४ ते ३३. पाऊस कधीही येतो, बहुतेक दुपारनंतर धो धो पडतो आणि तासाभरात थांबतो. नोव्हेंबर ते जानेवारी मात्र पाऊस जास्त, कधी कधी दिवसभर रिपरिप. फेब्रुवारी त्यातल्या त्यात कोरडा. आपल्याकडच्या लोकांना सुट्टी मिळते ती दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. दिवाळीत गेलात तर लिटिल इंडियात, म्हणजे तिथल्या भारतीय वस्तीत, रस्त्यावर दिव्यांच्या कमानी लागलेल्या असतात, ते बघण्यासारखं आहे, फक्त छत्री विसरू नका. जून आणि डिसेंबरमधे तिथल्याच शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा सेंटोसा या करमणुकीच्या बेटावर आणि प्राणिसंग्रहालयात गर्दी, शक्य असेल तर ते महिने टाळा. चिनी नववर्षाला (जानेवारी-फेब्रुवारीत येतं) दोन-तीन दिवस बरीच दुकानं आणि खाण्याचे स्टॉल बंद असतात, तारीख बघूनच तिकीट काढा.

व्हिसा आणि कागद

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला आधी व्हिसा लागतो, तिथे उतरून मिळत नाही. घरबसल्या स्वतःच साइटवर भरला असं सहसा होत नाही, त्यांनी नेमून दिलेल्या एजंटकडूनच जातो. सरकारी फी माणशी ३० सिंगापूर डॉलर, परत मिळत नाही, वर एजंटचा चार्ज, आणि तो दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या कारण त्यात बराच फरक असतो. अर्ज जायच्या तारखेच्या आधीच्या तीस दिवसांत करायचा. पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा हवा, फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवर, ३५ बाय ४५ मिलीमीटर. मंगळ बाजारातल्या कुठल्याही फोटोवाल्याला नुसतं "पासपोर्ट साइज" सांगू नका, माप लिहून न्या, फोटोचं माप चुकलं की अर्ज परत येतो.

नावाचं एक बघा. आपल्या पासपोर्टमधे बऱ्याच वेळा पहिल्या नावाच्याच रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पण असतं. तिकीट काढताना पासपोर्टवर जसं आहे तसंच, तेच दोन रकाने, भरायचे. घरात हाक मारतात ते नाव, लग्नाआधीचं आडनाव, यातलं काहीही तिकिटावर नको.

मग एसजी अरायव्हल कार्ड. हे ऑनलाइन भरायचं, पोचायचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत, प्रत्येकाचं वेगळं, तान्ह्या बाळाचं सुद्धा. हे फुकट आहे. गुगलवर शोधलं की वरती पैसे मागणाऱ्या साइटी येतात, दिसायला अगदी सरकारी वाटतात, तिथे कार्ड नंबर टाकू नका. इमिग्रेशन खात्याची, म्हणजे आयसीएची, साइट नाहीतर त्यांचं मायआयसीए अ‍ॅप वापरा. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, दोन्ही लागतं.

बँकेचं काम

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून आपल्या कार्डांवर परदेशातला वापर बंदच असतो, आपण चालू करावा लागतो. बँकेच्या अ‍ॅपमधे जाऊन इंटरनॅशनल वापर आणि टॅप करून पैसे देणं, दोन्ही स्विच चालू करा आणि लिमिट पण बघा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असू दे. यूपीआय तिथे काही ठिकाणी चालतं पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. रोख साधारण दीड-दोनशे डॉलर चार जणांच्या कुटुंबाला खाण्यापिण्याच्या छोट्या स्टॉलसाठी पुरतात, बाकी कार्ड. सिंगापूर डॉलरचा त्या दिवसांतला दर बघून हिशोब करा. आणि दुकानात मशीनवर "रुपयात द्यायचे की डॉलरमधे" असं विचारलं तर कायम डॉलर, रुपयात दिलं की दर वाईट लावतात.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

सुती सैल कपडे, माणशी एक छोटी छत्री, सवयीचे जुने बूट, नवे बूट घालून जाऊ नका. एक शाल किंवा पातळ स्वेटर, कारण मॉल आणि मेट्रोत एसी इतका गार असतो की घामाने भिजलेला माणूस आत शिरला की कुडकुडतो, आजी-आजोबांना सर्दी धरते ती यानेच. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा, तो अ‍ॅडॅप्टर इथूनच घ्या. आणि एक रिकामी पाण्याची बाटली माणशी. नळाचं पाणी तिथे सरळ पिण्यासारखं आहे, आपल्या लोकांना विश्वास बसत नाही पण खरंच आहे, विकतच्या बाटलीचे पैसे वाचतात. हॉटेल साधं असेल तर टॉयलेटमधे जेट असेलच असं नाही, त्यालाही ती बाटली कामाला येते.

आता खाऊ. आपण बडोद्याचे, थेपले, खाखरे आणि लीलो चिवडा घेतल्याशिवाय गाव सोडत नाही, आणि ते घ्याच, पहिल्या दिवशी आणि दुपारी रूमवर फार उपयोगी पडतं. पण खसखस नको. तिथे अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत आणि खसखस त्या कायद्याच्या कचाट्यात येते. आता आपल्याकडे खसखस कुठे कुठे असते ते बघा: दिवाळीचे अनारसे, भाकरवडीचं सारण, घरचा मसाला, काही लाडू. भाकरवडीचं पाकीट नेणार असाल तर मागचं वाचा, खसखस लिहिली असेल तर घरीच ठेवा. सुनेच्या माहेरच्यांनी प्रेमाने अनारशाचा डबा दिला तरी तो बडोद्यातच संपवा.

गुटखा, जर्दा, खैनी, चघळायची कुठलीही तंबाखू बंद. मशेरी लावणाऱ्या आजी असतील तर तीही नेऊ नका. व्हेप बंद, जवळ सापडला तरी गुन्हा. च्युइंगगम १९९२ पासून आणायला बंदी आहे, मुलांच्या बॅगेचे कप्पे तपासा. बडीशेप, सुपारीशिवायचा मुखवास चालतो.

औषधं नेहमीची सगळी, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. बीपी-शुगरच्या गोळ्यांना काही त्रास नाही. पण झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलसारख्या जोरदार पेनकिलर, यांना तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते. गुडघेदुखीवर वडील काय घेतात ते नाव बघून ठेवा. मला वाटतं सगळ्या तयारीत हाच भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात.

हॉटेल

दुपारी रूमवर यायचं ठरलं की हॉटेल मेट्रो स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या आत पाहिजे, यात तडजोड नको. शाकाहारी कुटुंबाला लिटिल इंडिया, फेरर पार्क, रोचोर, जालान बेसार हा पट्टा सगळ्यात सोयीचा. पहाटे इडली-कॉफी मिळते, औषधाचं दुकान, भारतीय किराणा, सगळं खाली उतरलं की आहे. रविवारी संध्याकाळी मात्र तिथे कामगार लोकांची सुट्टी असते, त्यामुळे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी दुसरीकडे जायचं ठेवा.

स्वस्त हॉटेलांच्या रूम अगदी लहान असतात, आणि काहींना खिडकीच नसते. बुकिंग करताना बारीक अक्षरात "विंडोलेस" लिहिलेलं असतं, ते बघा. आपल्या वाड्यात, मोठ्या घरात राहिलेल्या माणसाला तिथे जीव घाबरतो.

अहमदाबादहून निघणं आणि चांगी एअरपोर्टला उतरणं

अहमदाबादहून सिंगापूरची थेट फ्लाइट आहे, साडेपाच तासांच्या आसपास. बडोद्याहून एक्सप्रेसवे ९३ किलोमीटरचा, पण खरा वेळ अहमदाबाद शहरात शिरल्यावर जातो, म्हणून फ्लाइटच्या सहा तास आधी घरातून निघा. घड्याळ तिथे अडीच तास पुढे.

इमिग्रेशनला आता मशीनचे गेट आहेत, पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, किती दिवस राहू शकता ते ईमेलवर येतं. म्हणून अरायव्हल कार्डात आई-वडिलांचा असा ईमेल टाका जो तुम्हाला उघडता येतो.

सकाळी पोचलात तर एक अडचण असते, हॉटेलची रूम दुपारी दोन-तीनशिवाय देत नाहीत. लवकर चेक-इन मिळेल का ते आधी ईमेलने विचारा, आजारी किंवा वयस्कर माणूस असेल तर सरळ आदल्या रात्रीपासूनची रूम बुक करा, पैसे जातात पण पहिला दिवस वाचतो. नाहीतर सामान हॉटेलवर ठेवून जवळच नाश्ता, जवळचं देऊळ, आणि बसून वाट बघा. रात्रभर जागलेल्या लोकांना घेऊन सामान टाकल्या टाकल्या फिरायला निघू नका.

एअरपोर्टला लागूनच ज्युएल म्हणून इमारत आहे, त्यात ४० मीटर उंचीवरून छतातून पडणारा धबधबा आहे. बघायलाच हवा, फुकट आहे, पण तो जायच्या दिवशीसाठी ठेवा.

शहरात जायला मेट्रो सगळ्यात स्वस्त, दोन नंबर आणि तीन नंबर टर्मिनलच्या खालून, तानाह मेराहला गाडी बदलायची. सामान जास्त आणि माणसं चार असतील तर टॅक्सी परवडते. टॅक्सीत चार म्हणजे चारच, मूलही मोजतात, आपल्या रिक्षासारखं मांडीवर घेऊन पाचवा बसवता येत नाही, जास्त असाल तर सहा सीटची गाडी मागवा. मध्यरात्री बारा ते सकाळी सहा मीटरवर निम्मे जास्त लागतात.

लहान मुलं असतील तर अजून एक. तिथे १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला कारमधे चाइल्ड सीट लागते. साध्या रंगीत टॅक्सीला या नियमातून सूट आहे, पण ग्रॅब या ओला-उबरसारख्या अ‍ॅपवरून येणाऱ्या खाजगी गाडीला नाही, ड्रायव्हर मूल बघून नाही म्हणू शकतो. त्यामुळे मुलांबरोबर टॅक्सीच्या रांगेत उभं राहणं सोपं, नाहीतर ग्रॅबमधे फॅमिलीचा पर्याय निवडा.

मेट्रो आणि बस

मेट्रोला तिथे एमआरटी म्हणतात. तुमचं व्हिसा-मास्टरकार्ड गेटवर टेकवलं की झालं, तिकीट काढायची गरज नाही, पण परदेशी कार्डावर वापरलेल्या प्रत्येक दिवसाचे ६० सेंट जास्त लागतात. दोन दिवसांपेक्षा जास्त फिरणार तर स्टेशनवर ईझी-लिंक कार्ड घ्या, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड. एका कार्डावर एकच माणूस, नवऱ्याने टेकवून मागे बायकोसाठी परत तेच टेकवलं असं चालत नाही, घरातल्या प्रत्येकाला आपापलं कार्ड पाहिजे. ०.९ मीटरखालची मुलं फुकट. त्याहून उंच पण सात वर्षांखालची असतील तर स्टेशनच्या ऑफिसमधे पासपोर्ट दाखवून मुलांचं फुकट कार्ड मिळतं.

बसमधे चढताना टेकवायचं आणि उतरताना पण. उतरताना विसरलात तर शेवटच्या स्टॉपपर्यंतचे पैसे कापले जातात. स्टॉपवर बस आपोआप थांबत नाही, हात करायचा. आणि बसला कमी लेखू नका, गुडघे दुखणाऱ्या माणसाला मेट्रोच्या लांबलचक भुयारांपेक्षा बस कितीतरी बरी, वरच्या मजल्यावरून शहरही दिसतं.

सरकत्या जिन्यावर उभे राहणारे डावीकडे, चालणारे उजवीकडे. मेट्रोत आणि स्टेशनात काहीही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत. शुगर असलेल्या माणसाला गाडीत चढायच्या आधीच बिस्कीट खायला लावा.

खाणं, विशेषतः शाकाहारी घरांसाठी

सिंगापूरचं खरं खाणं हॉकर सेंटरमधे. मोठी शेड, शंभर-शंभर स्टॉल, मधे टेबलं. या सगळ्या पद्धतीला २०२० मधे युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. चार-सहा डॉलरमधे पोट भरतं, तर साध्या रेस्टॉरंटमधे मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात, म्हणजे १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी वेगळा. पाचशे रुपयांची वाटणारी डिश सहाशेला पडते.

बसायची पद्धत अशी: टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवलेलं असेल तर ती जागा कोणीतरी धरलीये, उचलू नका. तुम्हीही तसंच करा, आजींना बसवून ठेवा म्हणजे झालं. टिश्यू बरोबर लागतातच कारण स्टॉलवर देत नाहीत. खाऊन झालं की ट्रे आपणच उचलून ठेवायच्या जागी न्यायचा, २०२१ पासून हा नियम आहे, टेबल तसंच टाकून उठलात तर आधी समज देतात, परत केलंत तर दंड.

शाकाहारासाठी पहिला आधार लिटिल इंडिया. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासूनचं, शुद्ध शाकाहारी, पानावरचं जेवण मिळतं. तेक्का सेंटर हे तिथलं बाजार आणि हॉकर सेंटर एकत्र, खाली भाजी-फुलं-मासळी सगळं, वास सहन होत नसेल तर खाण्याच्या बाजूच्या दारानेच शिरा. डोशाला तिथे थोसाई म्हणतात.

पण चारही दिवस डोसाच खाल्ला तर सिंगापूरला जाऊन काय केलं? चिनी शाकाहारी स्टॉल जवळपास प्रत्येक हॉकर सेंटरमधे एखादा तरी असतो. बौद्ध पद्धतीचे असतील तर बहुतेक ठिकाणी मांस-मासे तर नाहीच, कांदा-लसूणही नसतं. चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या घरांना आणि जैन मित्रमंडळींना ही केवढी मोठी सोय आहे! तांदळाच्या बारीक शेवया, कोबी, मश्रूम, टोफू, वर तिखट. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या. तिथे "खोटं मटण" मिळतं, सोया आणि गव्हाचं, दिसायला हुबेहूब मांसासारखं, आजी दचकतात, आधी सांगून ठेवा. आणि अंडं चालत नसेल तर ते विचारूनच घ्या.

नुसतं "व्हेज" बोलून भागत नाही हे डोक्यात पक्कं बसवा. भाजी दिसते पण त्यात सुक्या कोळंबीची पेस्ट, ऑयस्टर सॉस, फिश सॉस असतो. म्हणायचं असं: नो मीट, नो चिकन, नो फिश, नो प्रॉन, नो एग, नो ऑयस्टर सॉस. लांबण लागते पण स्टॉलवाले ऐकून घेतात आणि नाही जमत असेल तर सरळ नाही म्हणतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

रोटी प्रातावर जरा थांबते, कारण आपले लोक फसतात ते तिथेच. तव्याजवळ उभं राहून बघा, तो कणकेचा गोळा तेलात बुडवून हातावर असा फिरवतो की रुमालाएवढा पातळ होतो, मग घड्या घालून तव्यावर टाकतो, कडा कुरकुरीत, आत पापुद्रे. वडील म्हणणार हा तर आपला पराठा. साधा प्राता शाकाहारी असतो असं धरून सगळे घेतात, आणि मग शेजारी वाटीत येतं पिवळं आमटीसारखं काहीतरी. ती वाटी मटणाच्या नाहीतर माशाच्या रश्शाची असू शकते, आणि डाळीसारखी दिसणारी दालचा असेल तर त्यातही मटण शिजवलेलं असतं. माझ्या काकांचा हात त्या वाटीकडे गेलेला मी आयत्या वेळी धरलाय. प्राता साखरेबरोबर मागा, तिथे तशीही खाण्याची पद्धत आहे, मुलांना फार आवडतं. पिठात अंडं आहे का तेवढं विचारा. काया टोस्टच्या हिरवट जॅममधे नारळाबरोबर अंडं असतं, तेही लक्षात ठेवा.

चहाला "ते". नुसतं ते म्हटलं की कंडेन्स्ड मिल्कचा खूप गोड चहा येतो, शुगरवाल्यांनी "ते-ओ कोसोंग" मागायचा, म्हणजे बिनदुधाचा, बिनसाखरेचा. एकादशीचा उपास करणाऱ्यांना फळं आणि शहाळं भरपूर, साबुदाण्याची पिशवी घरून नेली तरी रूमवर शिजवणार कुठे, त्यापेक्षा राजगिऱ्याच्या चिक्क्या न्या.

चार दिवस कसे लावायचे

पहिला दिवस रात्रीच्या प्रवासाचा थकवा धरून. दुपारी झोप काढा आणि साडेपाचला निघून गार्डन्स बाय द बे. उंच लोखंडी झाडं आहेत, २५ ते ५० मीटरची, त्यांच्यावर दिव्यांचा शो रोज ७.४५ आणि ८.४५ ला होतो, फुकट. लोक सरळ जमिनीवर आडवे होऊन बघतात, एक चादर न्या. ७.४५ चा बघून हळूहळू मरीना बे सँड्स हॉटेलच्या बाजूने पाण्याच्या कडेला पोचा, तिथे ९ चा कारंज्यांचा शो सापडतो. एका संध्याकाळी दोन्ही, एक रुपया न देता. काचेच्या दोन मोठ्या घरांची तिकिटं मात्र महाग आहेत, त्यातलं एकच बघायचं असेल तर ढगांचं, क्लाउड फॉरेस्ट. ते आतून थंड असतं, म्हणून ते दुसऱ्या एखाद्या दुपारी ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाहेर. लिटिल इंडियातलं वीरमाकालीअम्मन देऊळ, मग चायनाटाउनमधलं श्री मरिअम्मन, १८२७ चं, सिंगापुरातलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ. ही देवळं दुपारी बंद होतात आणि संध्याकाळी परत उघडतात, त्यामुळे सकाळच बरी. जवळच बुद्धाच्या दाताचं मंदिर आहे. दुपारी रूम. संध्याकाळी मर्लायन, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला पुतळा, आणि तिथून चालत एस्प्लनेड पार्क. आपल्या लोकांनी हे मुद्दाम बघावं असं मला मनापासून वाटतं. नेताजींनी ५ जुलै १९४३ ला बाजूच्या पदांग मैदानावर आझाद हिंद फौजेची पाहणी केली आणि २१ ऑक्टोबरला याच शहरातल्या कॅथे बिल्डिंगमधे आझाद हिंद सरकार जाहीर केलं. फौजेचं स्मारक १९४५ मधे इथेच उभं राहिलं होतं, इंग्रजांनी परत आल्यावर ते पाडलं. त्या जागी १९९५ पासून एक खुणेचा फलक आहे. टूर बस मर्लायनपाशी फोटोला थांबते आणि तिथूनच परत फिरते, फलक चालत दहा-पंधरा मिनिटांवर असूनही कोणी दाखवत नाही. मुलांना तिथे उभं करून पाच मिनिटं हे सांगा.

तिसरा दिवस सेंटोसा. हार्बरफ्रंट स्टेशनला उतरायचं, तिथून मोनोरेल, नाहीतर लाकडी रस्त्याने चालत, चालत गेलं तर फुकट आणि मधे सरकते पट्टे आहेत. युनिव्हर्सल स्टुडिओ करणार असाल तर दिवस तिथेच जाईल, आजी-आजोबांना त्यात काही नाही. माझा सल्ला, घरात दोन गट करा: तरुण आणि मोठी मुलं तिकडे, बाकीचे मत्स्यालयात. हे आता ओशनेरियम झालंय, २०२५ पासून, एसीत आहे, बसायला जागा आहे.

चौथ्या दिवशी सकाळी बोटॅनिक गार्डन. १८५९ चं, २०१५ मधे युनेस्कोच्या यादीत गेलं, आत जायला पैसे नाहीत, फक्त ऑर्किडच्या भागाचं तिकीट. कमाटीबागेत रोज फिरणाऱ्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटतं, सात वाजता पोचा, उजाडतंच तिथे सातच्या सुमाराला. मुलं लहान असतील तर त्याऐवजी मंदाईचं झू, खातिब स्टेशनवरून शटल बस आहे. नाइट सफारी लोकांना फार आवडते पण परत यायला उशीर होतो, दुसऱ्या दिवशी पहाटेची फ्लाइट असेल तर करू नका.

पावसाचं: आकाश काळं झालं, गडगडलं, की झाडाखाली किंवा मोकळ्या बागेत थांबू नका, जवळच्या मॉलमधे नाहीतर स्टेशनात शिरा. विजा तिथे फार पडतात. बसस्टॉपपासून इमारतीपर्यंत बहुतेक ठिकाणी छप्पर घातलेले रस्ते असतात, तेच धरून चाला.

नियम, जे आपल्याला सवयीचे नाहीत

कबुतरांना दाणे टाकू नका. आपल्याकडे ते पुण्याचं काम, सकाळी ज्वारी घेऊन निघणारे आजोबा घरोघरी आहेत, पण तिथे कायद्याने बंदी आहे आणि दंड मोठा. माकडांना पण नाही. थुंकणं, कागद टाकणं यावर दंड आहे हे सगळ्यांना माहितीये. सिग्नल जवळ असताना मधूनच रस्ता ओलांडला तरी दंड होतो. सिगरेट फक्त ठरवून दिलेल्या जागी. रात्री साडेदहानंतर रस्त्यावर दारू प्यायला बंदी.

पोलीस ९९९, अँब्युलन्स ९९५. दवाखाना फार महाग, ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या, आणि वडिलांना बीपी-शुगर असेल तर ते पॉलिसीत खरं खरं लिहा.

खरेदी आणि परतीचा दिवस

मुस्तफा सेंटर या लिटिल इंडियातल्या मोठ्या दुकानात सगळे जातात, तुम्हीही जाल. संध्याकाळी खूप गर्दी, सकाळी उघडल्या उघडल्या जा. आणि लिहून न्या काय घ्यायचंय, नाहीतर बाम आणि चॉकलेटातच बॅग भरते. एका दुकानात १०० डॉलरच्या वर खरेदी झाली (एकाच दिवसाची तीन बिलं मिळून चालतं) की पासपोर्ट दाखवून टुरिस्ट रिफंडचं सांगा, जीएसटीतला बराचसा भाग परत मिळतो. एअरपोर्टवर मशीन आहेत. बॅग चेक-इन करायच्या आधी त्या मशीनवर जायचं, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात.

परतीच्या दिवशी एअरपोर्टला चार तास आधी पोचा. सामान देऊन टाका, मग निवांत ज्युएलचा धबधबा बघा, दोन आणि तीन नंबर टर्मिनलवरून पुलाने जाता येतं, चार नंबरवाल्यांना शटल बस. चांगीला एक ते तीन टर्मिनलवर सिक्युरिटी तपासणी सुरुवातीला होत नाही, शेवटी गेटवरच होते. त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं झालं आणि दुकानात रेंगाळतो, मग गेटवर लांब रांग. बाटलीतलं पाणीही तिथेच ओतावं लागतं. गेटच्या आत टॉयलेट असेलच असं नाही, तेव्हा आजींना आणि मुलांना आधी नेऊन आणा, आणि बोर्डिंग पासवर जी वेळ लिहिली असेल तिच्या निदान वीस मिनिटं आधी गेटवर या.